जांभळा थर

"पुन्हा धू," सर म्हणाले.

तिने तबकडी उजेडात धरली. तबकडीच्या इवल्या खळग्यांत जिवाणू वाढवले होते आणि वर जांभळा रंग ओतला होता. जिवाणू एकमेकांना चिकटून जिथे बुळबुळीत थर धरतात, तिथे रंग टिकतो. बाकीचा धुऊन जातो. शेजारच्या तबकडीत साधे जिवाणू होते, हिच्यात एक जनुक काढून टाकलेले. ते जनुक नसेल तर थर धरतच नाही, असं सर गावभर सांगत सुटले होते. आणि ही तबकडीही गर्द जांभळी!

"धुतलीय, सर. त्या तबकडीसारखीच, पाण्यात बुडवून."

"बुडवून काय होतंय? लाडाने आंघोळ घालतेयस का तिला? नळाखाली धर. पूर्ण सोड नळ."

तिचं डोकंच फिरलं. हलक्या हाताने बुडवायची, थराला धक्का लावायचा नाही, हे सरांनीच तर शिकवलं होतं. आता मनासारखं उत्तर येईना, म्हणून शिकवलेलं सगळं गेलं वाऱ्यावर!

"सर, हेच जनुक बंद पाडणारं औषध दवाखान्यातल्या लघवीच्या नि सलाईनच्या नळ्यांना लावणार आहेत ना? आजारी माणसांच्या अंगात जाणार त्या. तिथे थर धरला तर?"

"ते डॉक्टर बघतील. तू तुझ्या प्रबंधाचं बघ. त्यावर सही माझी लागते, बाळा."

बाळा म्हणे! लाज सोडली की माणसाचा आवाज किती मऊ होतो.

घरी आई रोज विचारायची, कधी संपणार गं तुझं हे शिक्षण? तिने तबकडी नळाखाली धरली. मग तिने नळ पूर्ण सोडला. पाणी तबकडीवर आदळलं, जांभळे शिंतोडे तिच्या पांढऱ्या कोटावर उडाले. तबकडी लख्ख झाली.

"बघ! झालं की नाही?" सरांनी फोटोसाठी फोन काढला. "आता साध्या जिवाणूंची ठेव शेजारी."

तिने ती तबकडी उचलली आणि तीही त्याच नळाखाली धरली.

"अगं ए, ती नको! काय करतेस?"

सर धावले, पण तोवर उशीर झाला होता. तिने नळ बंद केला, दोन्ही तबकड्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. दोन्ही सारख्याच कोऱ्या.

"काढा फोटो," ती म्हणाली. "यांचंही जनुक गेलं वाटतं."