नलूताईंची लस

सुया टोचून घेऊन सगळ्या सांगलीचे चेहरे पस्तिशीचे झाल्यापासून नलूताईंचा कुणावरच विश्वास उरला नव्हता. खोकल्याच्या साथीचा विषाणू मात्र चेहऱ्याला भुलत नसे; म्हातारी फुप्फुसं बरोबर शोधायचा. म्हणून लशीआधी दवाखान्यात नळीत फुंकायला लावून फुप्फुसांचं वय बघत, आणि साठीपुढच्यांना दोन डोस देत.

"लस घेऊ, मग आपल्या लग्नाचं बोलू," म्हणत त्यांनी पितळ्यांना दवाखान्यात आणलं होतं. पितळ्यांनी फुंकलं.

"एक्केचाळीस. एकच डोस," नर्स म्हणाली.

नलूताईंचा जीव भांड्यात पडला. "मी मेली उगाच संशय घेत होते हो!"

"आता तुम्ही फुंका."

आपलीही पाळी येणार, हे संशयाच्या भरात त्या विसरल्याच होत्या. त्यांनी अगदी हलकेच फुंकलं.

"अडुसष्ट!"

पितळे उठले, आणि वाकून नलूताईंच्या पाया पडले.