सत्तेचाळिसावं परिपत्रक

साथीच्या तिसऱ्या वर्षी बालसमुपदेशकांना आरोग्य खात्याचं सत्तेचाळिसावं परिपत्रक आलं. मुलाच्या मनगटावरच्या नाडी मोजणाऱ्या पट्टीला त्याला रडू फुटण्याची चाहूल लागली, की पडद्यावरचा समुपदेशक आपोआप नाहीसा होणार आणि त्याच्या जागी नाचणारा ससा येणार. ही कल्पना ज्यांना सुचली, त्यांनी रडणारं मूल बहुधा आकडेवारीतच पाहिलं होतं.

समुपदेशक मृदुला केळुसकर चार महिने नऊ वर्षांच्या इरावतीशी पडद्यावरून बोलत होती. वडील साथीत गेल्यापासून ती मुलगी गप्प होती. त्या सकाळी ती पहिल्यांदाच म्हणाली, "ताई, मला बाबांना..." तिचे ओठ थरथरले आणि ससा नाचू लागला.

मृदुलाने खात्यात फोन लावला. उपसंचालक भडसावळे समाधानात होते. "मॅडम, रडणं थांबलं ना? मग उपचार लागू पडला."

"ती परत गप्प झालीय, साहेब."

"तेच म्हणतोय मी."

अशा माणसाशी वाद घालणंही तिला कमीपणाचं वाटलं. मुलांना घरी जाऊन भेटायला बंदी होती, गेलं तर समुपदेशनाचा परवाना जाणार होता. तिने मास्क लावला आणि स्कूटर काढली.

इरावती खिडकीत आली. अंगणात दहा हात लांब उभी राहून मृदुला म्हणाली, "ती पट्टी काढून ठेव आणि सांग."

"मला बाबांना शेवटचं बघू दिलं नाही," इरावती म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडली. तिचं रडून होईपर्यंत मृदुला उन्हात उभी राहिली.

परवाना दुसऱ्याच दिवशी रद्द झाला. ते पत्र पुरतं न वाचताच मृदुला पुन्हा इरावतीच्या अंगणात गेली.