एक चेंडू अडवायचा

“गोलकीपर आपोआप अडवतो? मग मी काय करायचं?” ताई म्हणाली. “टाळ्या वाजवायच्या? त्यालाही दुसरा हात लागतो.”

दुकानदार ओशाळला. सगळ्यात नव्या व्हिडिओ गेम कन्सोलवरची ही हॉकी म्हणजे त्याच्या दुकानाची शान. पडद्यावर गवताचं पातं न् पातं दिसत होतं, खेळाडूंच्या कपाळावरचा घामसुद्धा. पण कंट्रोलरला चौदा बटणं होती, आणि ताईचा उजवा हात आठ महिन्यांपूर्वीच्या अर्धांगवायूच्या झटक्यापासून तिच्या मांडीवर पाहुण्यासारखा नुसता बसून होता.

तिची धाकटी बहीण शिवणकाम करणारी. कुठे काही उसवलेलं दिसलं की तिला राहवत नसे. आज सकाळी ताईने आपले पॅड, हेल्मेट, स्टिक, ज्याच्या जोरावर हॉकीत बावीस वर्षं गोल सांभाळला ते सगळं सामान पोत्यात भरून दाराशी ठेवलं होतं. उद्या शाळेला देऊन टाकायचं म्हणे. धाकटीने हातापाया पडून एक अट कबूल करून घेतली होती. डाव्या हाताने एक, फक्त एक चेंडू अडवलास, खेळातला का होईना, तर पोतं सोडून सामान घरातच ठेवायचं. नाही जमलं, तर मी स्वतः ते शाळेत पोचवीन आणि पुन्हा त्याबद्दल तोंड उघडणार नाही.

“तोंड न उघडणं तुला जमायचं नाही,” ताई म्हणाली होती. पण आली होती.

दुकानात वरच्या फळीवर नवे कन्सोल होते आणि खाली खाली जुने. धाकटी एकेक फळी उतरत गेली. मधल्या कन्सोलची बटणं सहाच होती, पण दोन्ही अंगठे लागत. ताईने तो कंट्रोलर गुडघ्यांत धरून पाहिला, तो निसटून फरशीवर आपटला. तिचा चेहरा एवढासा झाला.

“चल घरी,” ती म्हणाली.

“अजून खालचं दाखवा,” धाकटी दुकानदाराला म्हणाली.

दुकानदार उकिडवा बसला आणि सगळ्यात तळाचा डबा ओढून त्याने फुंकर मारली. “मावशी, हा माझ्याहून म्हातारा आहे हं.” कंट्रोलर म्हणजे एक चौकोनी खोकं आणि त्यावर एक दांडी. ते सरकू नये म्हणून त्याने चिकटपट्टी लावून टेबलाला पक्कं केलं. पडद्यावर हिरवं मैदान, काही पांढरे ठिपके, काही पिवळे, आणि गोलसमोर एक उभी रेघ.

“ही रेघ म्हणजे गोलकीपर. वर जातो, खाली जातो. बाकी त्याला काही येत नाही.”

“मलाही बाकी काही येत नव्हतं,” ताई म्हणाली आणि स्टूल पुढे ओढून बसली.

धाकटीने तसल्याच दुसऱ्या खोक्याची दांडी धरली. पहिले दोन चेंडू सरळ आत गेले. तिसऱ्या वेळी ताई एकदम ओरडली, “अरे, डावीकडे बघ! मोकळं सोडलंस तिला!”

झटक्यानंतर ताईचा आवाज असा चढलेला धाकटीने ऐकलाच नव्हता.

“मावशी,” दुकानदार हळूच म्हणाला, “त्या ठिपक्यांना ऐकू येत नाही.”

“माझ्या खऱ्या बचावफळीलाही कधी ऐकू आलं नाही,” ताई म्हणाली. “म्हणून काय ओरडायचं नाही?”

तोवर तिसरा गोल झाला होता. चौथा चेंडू धाकटीने मुद्दाम हळू, बरोबर रेघेच्या रोखाने मारला. ताईने रेघ बाजूला घेतली आणि चेंडू आत जाऊ दिला.

“फुकटचं नको,” ती पडद्याकडे बघतच म्हणाली. “नीट मार. नाहीतर पोतं उचल.”

धाकटीला वाईटही वाटलं आणि रागही आला. ठीक आहे, नीट तर नीट. तिने ठिपका पळवला, एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, आणि जीव खाऊन मारला.

टक्.

रेघ आधीच तिथे होती.

धाकटीने पुन्हा मारला, वरच्या कोपऱ्यात. टक्. मग खाली. टक्. तिने वळून पाहिलं. ताई पडद्याकडे बघतच नव्हती. ती धाकटीच्या तोंडाकडे बघत होती.

“चेंडू मारायच्या आधी तुझी जीभ बाहेर येते,” ताई म्हणाली. “जिकडे मारायचं तिकडेच वळते. अंगणात खेळायचो तेव्हापासून.”

“आणि एवढ्या वर्षांत सांगितलं नाहीस?”

“गोलकीपर असं काही सांगत असतो का?”

धाकटीला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली, दुकानदारही हसला, आणि मग ताई हसली, सगळ्यांत मोठ्याने.

“हाच डबा बांधा,” ती दुकानदाराला म्हणाली. “दांडीसकट, चिकटपट्टीसकट.” मग ती बहिणीकडे वळली. “आणि तू घरी गेल्यावर पोतं सोड. पॅडचा पट्टा उसवलाय, तेवढा शिवून दे.”

तिने डावा हात वर केला, पंजा उघडा धरला आणि वाट बघत राहिली. धाकटीच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग तिने आपला उजवा हात त्यावर मारला. टाळी अशी कडाडली, की डबा बांधता बांधता दुकानदाराच्या हातातला दोरा सुटला.