शहाण्णव टक्के

कार्डिफमधल्या आमच्या गॅरेजात गाड्या तपासणाऱ्यांची मार्चअखेरची वार्षिक परीक्षा होती. नापास झालेल्याला एप्रिलपासून गाडी तपासायला बंदी. म्हातारा एम्रिस संगणकापुढून टेचात उठला. "शहाण्णव टक्के! बघ गड्या, मी काही एवढ्यात हलत नाही." त्याने रांगेतली गाडी लिफ्टवर चढवली. मागच्या सीटवर बाळाची खुर्ची होती. मग तो हातोडीने खालचा पत्रा ठोकू लागला. चांगला पत्रा खणखणतो, गंजलेला बद्द वाजतो. ठोकताना तो नेहमी माझ्या तोंडाकडे बघायचा. मला वाटायचं, शिकवतोय. आज मी पाठमोरा बसून चहात दूध घालत होतो. मागून बद्द आवाज आला. सगळ्यांचे हात थांबले. एम्रिसचा तेवढा थांबला नाही. "पत्रा झकास! पास कर हिला," तो ओरडला. मी वळलो. माझं तोंड बघून तो थबकला. हळूच म्हणाला, "बद्द वाजला का रे?"