गडप होणारा रकाना

“आत्ता इथं रकाना होता, गेला कुठं? कसला फॉर्म केलास गं हा!” सिद्धाराम अप्पा मोबाईलकडे बघत करवादले. समाजाच्या वधू-वर मेळाव्याचे ते अध्यक्ष. ऑनलाईन फॉर्म बनवला होता त्यांच्याच लेकीनं, शिवप्रियानं, आणि आता ते तिचंच नाव भरत होते. ‘प्रथम विवाह’ निवडलं की खाली ‘जोडीदाराबद्दल अपेक्षा’ उघडायचं. ‘मुलगी’ आणि ‘घटस्फोटित’ निवडलं की ते गडप.

“मग पहिलंच लगीन म्हणा की,” भाकरी थापता थापता शिवप्रियाची आई उमादेवी म्हणाल्या. “आपल्या अणदुरात हिची सोडचिठ्ठी झाल्यालं समद्यांना ठावं हाय, पर बाहेरच्यांना कुठं म्हायती?”

“तू गप. शिवा, लई शिकलीस ना? हे दुरुस्त कर आधी.”

“बरोबर चाललाय तो,” शिवप्रिया मघापासून सांगत होती. आता मात्र तिचा आवाज चढला.

“बिघडला न्हाय, अप्पा. ‘घटस्फोटित मुलींना कसल्या आल्यात अपेक्षा, मुलांनाच विचारा’ असं बैठकीत तुम्हीच म्हणालात. तसाच केलाय.”

अप्पांनी पुन्हा ‘घटस्फोटित’ दाबलं; रकाना गडप झाला.

“पण मला हायेत,” ती म्हणाली.