नळीतला कोल्हा

नुई लग्न होऊन आली, तेव्हाच सासूने बजावलं, "या घरात कशाची हाव धरू नकोस गं. आपल्या बांबूच्या नळीत राहणारा बोटभर मायावी कोल्हा मनातलं ऐकतो आणि दुसऱ्याकडचं आणून देतो."

नुई हसली. पण शेजारच्या झाडावरची पिकलेली पर्सिमनची फळं तिच्या डोळ्यांत भरली आणि दुपारी ती तिच्याच उंबऱ्यात पडलेली होती.

मग शेजारीण इसे तान्हं घेऊन आली. नुईची कूस रिकामी होती. मनात हाव उठायच्या आत तिने मांडीवर घेतलेलं बाळ घाईने परत दिलं. "रडकं आहे बाई तुझं," ती मुद्दाम म्हणाली.

इसे गेल्यावर तांदूळ धुताना नुईला छातीशी ओलं लागलं. ते दूध होतं.

"काय मागितलंस?" सासूने विचारलं.

"काही नाही हो, आई!"

शेजारी इसे रडत बाळाला शोधू लागली. नुईच्या मागे, बंद कपाटात, कुणीतरी हुंकार दिला.