डोंगरावरचं आवतण

पंगत बसली तरी प्रियदर्शनीला ते खरं वाटेना. शिराळ्याजवळच्या या डोंगरावर वनरक्षक म्हणून आल्यापासून तिने वणव्यावर बैठका घेतल्या, आणि बैठकीला हजर असायच्या त्या फक्त खुर्च्या. ‘जंगल सरकारचं, सरकार बघंल,’ हे गावाचं ठरलेलं उत्तर. शेवटी दस्तगीर आचाऱ्यानेच कानमंत्र दिला.

"म्याडम, नोटिशीनं कोन येतंय? दारात जाऊन जेवायचं आवतन द्या. आवतन मोडायची आमच्यात रीत न्हाई."

म्हणून आज अख्खं गाव झाडांखाली मांडी घालून बसलं होतं. उन्हाळ्यात जंगलात चूल नको, हा तिचा हट्ट. स्वयंपाक गावात करून ट्रॅक्टरने वर आणला होता.

"लय गार वाटतंय हितं," गुंडा आबांची बायको बनुबाई म्हणाली. "इतकी वर्सं निस्तं खालनंच बगत हुतो."

आमटी वाढून होते न होते तोच दस्तगीरने बोट दाखवलं. "म्याडम, धूर."

खालच्या बांधावरून जाळ वाळल्या गवतातून झाडांकडे सरकत होता. गेल्या उन्हाळ्यात प्रियदर्शनी एकटीच जाळ झोडपत राहिली होती आणि निम्मा डोंगर जळाला होता. ती डहाळी ओढून धावली.

भरल्या ताटावरून उठू नये म्हणतात. गाव उठलं. कुणी डहाळ्या घेतल्या, कुणी हात धुवायचं पिंप उतारावर लोटलं. सगळ्यांच्या पुढे गुंडा आबा, धोतर खोचून. झाडांना झळ लागायच्या आत जाळ विझला.

काळी तोंडं घेऊन माणसं परतली आणि एकमेकांकडे बघून हसत सुटली. आबा तेवढे बाजूला उभे राहिले.

"बांध माजाच," ते म्हणाले. "दरसाल पेटवतो, गवात चांगलं फुटतंय म्हनून. आजबी पेटवला आन् आवतनाला आलो."

हसणं थांबलं. प्रियदर्शनीला राग आला, नाही असं नाही. पण आबांच्या मिशा होरपळल्या होत्या. तिने पत्रावळ पुढे केली.

"बसा आबा. आमटी निवली."

आबा बसले नाहीत. त्यांनी दस्तगीरच्या हातातली बादली घेतली. "आदी वाढतो. फुडल्या साली आवतन माजं. हितंच."

पंगतीतून बनुबाईने हात पुढे केला.

"आवं यजमान, मग ती काडीपेटी द्या हिकडं."

आबांनी निमूट दिली. तिने ती पदराला गाठ मारून बांधली आणि पत्रावळ पुढे सरकवली.

"हां. आता वाढा."